शालिग्रामच्या मृत्यूची वेळ

१९७१च्या चैत्रात सुरतेतल्या एका लूमच्या कारखान्यात शालिग्राम हा खानदेशी कारागीर सकाळी मागाजवळ मरून पडलेला सापडला. तो ड्युटीवर मेला की ड्युटी संपल्यावर, एवढंच ठरायचं होतं. ड्युटीवर मेला असेल, तर नवागाम वस्तीतली कारखान्याची खोली त्याच्या बायकोकडे, सुंदराकडे राहणार होती. नंतर मेला असेल, तर आठ दिवसांत खाली करायची.

सरकारी डॉक्टर म्हणाले, "माणसं खोटं बोलतात, शरीर बोलत नाही. ते ठरलेल्या वेळी ठरलेलंच कुजतं." त्यांनी यकृताचा एक तुकडा काढला, कुजू नये म्हणून औषधाच्या बरणीत घातला आणि किती कुजला हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेकडे रवाना केला.

बरणी चार महिने आवक-जावक करत राहिली. श्रावणात अहवाल आला : 'कुजण्याची कोणतीही लक्षणे नाहीत. मृत्यू तपासणीपूर्वी सहा तासांच्या आत झाला असावा.'

सुंदरा अहवाल घेऊन कारखान्यात गेली. मॅनेजर मगनभाईंनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे शालिग्राम चार महिने विनापरवानगी गैरहजर होता."

"साहेब, त्यांना आम्ही चैत्रातच अग्नी दिला."

"ते तुमचं घरगुती. कागदावर तो परवा मेला."

"मग इतके दिवस ते होते कुठे?" सुंदराने विचारलं.

"तेच कारखाना विचारतोय. त्याला कामावरून काढायची नोटीस देतो. त्याची सही घेऊन या, मग खोली खाली करा."

सही मिळेना, म्हणून नोटीस लागू होईना. नोटीस लागू होईना, म्हणून खोली खाली होईना.

"वहिनी, फेरतपासणी मागू. खरी तारीख निघेल," दीर उखा म्हणाला.

सुंदराने अहवालाची नीट घडी घातली. मग चैत्रानंतर पहिल्यांदाच हसली.

"मागू ना. दर तीन महिन्यांनी मागू."

दर वेळी तुकडा तितकाच ताजा निघाला आणि शालिग्राम दर वेळी नव्याने, सहा तासांपूर्वी वारला. सहा वर्षं खोली टिकली. रेशनवर त्याच्या वाट्याची साखर येत राहिली. मतदारयादीवर विश्वास ठेवायचा, तर त्याने मतदानही केलं.

सरकारी कारभाराला आपण हसलात, ते योग्यच. आता जरा घरचं रेशनकार्ड उघडून पाहा. आपल्या आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली म्हणता; साखरेवरून अंदाज घेतला, तर त्यांना अजून काहीच झालेलं नाही.