हेलियम पेटत नाही

रसायनशास्त्र माझ्याइतकं चांगलं या शाळेत कोणी शिकवत नाही. हे माझं मत मी कधी लपवलेलं नाही. त्यामुळे विज्ञान विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली आणि संस्थेचे अध्यक्ष माझा पाठ बघायला येणार असं कळलं, तेव्हा प्रमुखाच्या टेबलावर माझा डबा कुठे ठेवायचा हेही मी ठरवून टाकलं.

बेत सोपा होता. हेलियमच्या भल्यामोठ्या फुग्याला मेणबत्ती लावायची. फुगा फुटेल, पण वायू पेटणार नाही. चौकातल्या फुगेवाल्याला विचारलं, हेलियमच ना? तो म्हणाला, "वर जातो ना सर? मग झालं तर! गॅस घरीच बनवतो मी, एकदम ताजा." ताजा म्हटल्यावर मी खूश. बायको म्हणाली, आधी एखादा पेटवून तर बघा. मी तिला हसलो.

पाठ रंगला. जमिनीच्या पोटात युरेनियमसारखी मूलद्रव्यं झिजताना हेलियम तयार होतो, नैसर्गिक वायूबरोबर तो काढावा लागतो, आणि हवेत सुटला की इतका हलका, की पृथ्वीलाही धरून ठेवता येत नाही. तो कुणाशी संयोग का पावत नाही? कारण त्याचं कवच दोन इलेक्ट्रॉनांनीच भरतं. घरात सगळं असताना शेजारी वाटीभर साखर मागायला कोण जाईल? अध्यक्ष हसले. जागा माझीच!

मग मी काठीला बांधलेली मेणबत्ती फुग्याला लावली.

आवाज पार फाटकापर्यंत गेला, असं मागून कळलं. तेव्हा मिनिटभर मला काहीच ऐकू आलं नाही. पहिल्या बाकावरच्या अध्यक्षांना मघाशी भुवया होत्या. रुमालाने तोंड पुसत ते शांतपणे म्हणाले, "सर, हेलियम जमिनीतून काढावा लागतो म्हणालात. हा कुठून काढला?"

"फुगेवाला घरीच बनवतो," मी म्हणालो, आणि बोलून गेल्यावर मला ते कळलं. फुग्यात हायड्रोजन होता.

जागा जीवशास्त्राच्या बाईंना मिळाली. मला काही वाटलं नाही असं मी सगळ्यांना सांगतो. वाटलं, फार वाटलं. वर्गाला मात्र मी पुन्हा पुन्हा बजावलं, तो हायड्रोजन होता. ऐकणार कोण?

सहामाहीला प्रश्न होता, हेलियमचे गुणधर्म लिहा. एकूणएक मुलांनी लिहिलं, हेलियम स्फोटक आहे. मी लाल फुल्या मारत सुटलो. बाईंनी गठ्ठा परत पाठवला आणि मला बोलावून घेतलं.

"पूर्ण गुण द्या सर. मुलांनी डोळ्यांनी पाहिलंय. आणि तुमच्या तासाचं आजवर दुसरं काही कुणाच्या लक्षात राहिलंय का?"

मी गुण दिले.