एक घ्यायचा तर एक सोडायचा

स्वच्छतागृहाच्या दाराला चिकटून जे टेबल होतं, ते अकरा वर्षं आवक-जावक कारकुनाकडे होतं. आलेली पत्रं एका वहीत आणि गेलेली दुसऱ्या वहीत नोंदवणं, एवढंच त्याचं कागदोपत्री काम. प्रत्यक्षात माणसांची आवक-जावकही त्याच्याच नाकासमोरून होई. येणारा प्रत्येक जण दाराशी थबकून त्यालाच विचारी, "आत कोणी आहे का हो?" आणि तो मान वर न करता सांगे, "आहेत. नुकतेच गेलेत."

त्यामुळे हेडक्लार्क निवृत्त होणार आणि त्यांचं खिडकीजवळचं टेबल रिकामं होणार, हे कळलं तेव्हा त्याला अकरा वर्षांत पहिल्यांदा रजा न घेता आनंद झाला. अर्थात अर्ज सहा आले.

साहेबांना निर्णय घेण्याची मनापासून नावड होती. "सेवाज्येष्ठतेनं दिलं तर धाकटे रुसणार," ते म्हणाले, "आणि काम बघून दिलं तर कुणालाच देता येणार नाही. तेव्हा आपण फुटबॉल खेळू."

फुटबॉल म्हणजे मोबाइलवरचा, फँटसी फुटबॉल. प्रत्येकानं खऱ्या खेळाडूंतले अकरा निवडून आपला संघ करायचा. ते मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला गुण. एक खेळाडू एकाच संघात. जे कुणाकडेच नाहीत ते 'मोकळे'. मोकळा कधीही उचलता येतो, पण एक घ्यायचा तर एक सोडायचा. एकावर दोघांनी हक्क सांगितला, तर गुणतक्त्यात जो खाली तो आधी. साहेबांनी याचं रीतसर परिपत्रक काढलं. शेवटी एक ओळ होती : 'रिकाम्या होणाऱ्या सर्व टेबलांनाही हेच नियम लागू राहतील.' ती ओळ कुणी वाचली नाही. जावक क्रमांक घालून वहीत चढवली, ती मात्र आपल्या कारकुनानंच.

त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एक आत आला की एक बाहेर, हे त्याला जन्मजात कळत होतं. मोकळ्यांची यादी तो सकाळी पाहू लागला, मग दुपारी, मग जेवताना.

"अहो, घास तरी गिळा," बायको म्हणाली.

"थांब गं. एका बचावपटूचा गुडघा गेलाय."

"अगं बाई! कोण तो?"

"मला काय माहीत?"

"मग एवढे खूश का झालात?"

"त्याच्या जागी जो खेळणार, तो अजून मोकळा आहे!"

"माझी कंबर आठ दिवस धरलीये," ती ताट उचलत म्हणाली. "तिची नोंद आहे का कुठल्या वहीत?"

दुसऱ्या महिन्यात त्याच्या मूळ अकरांतला एकही शिल्लक नव्हता. दोन सामने गोल केला नाही म्हणून त्यानं एका टकल्या आघाडीवीराला सोडलं. टकल्यानं पुढच्याच सामन्यात तीन गोल केले, आणि तेही नकाशेवाल्या बाईंसाठी.

नकाशेवाल्या बाई समोरच्या भिंतीशी बसून पाइपलाइनचे नकाशे काढत. त्याही खिडकीच्या उमेदवार होत्या.

"बाई, तुम्ही माझा टकल्या उचललात?"

"तुमचा कसला? तुम्ही टाकलात ना?"

"पण तुम्हाला तरी काय कळतंय त्यातलं?"

"काहीच नाही हो. म्हणून तर तुम्ही टाकलेलं उचलते. तुम्ही इतका अभ्यास करून घेता, म्हणजे माल चांगलाच असणार. फक्त तुम्हाला दम नाही."

त्या रविवारी त्यानं सूड घ्यायचं ठरवलं. बोट मोडल्याची बातमी असलेला गोलरक्षक त्यानं मुद्दाम उचलला आणि बाईंनी बघावा म्हणून मुद्दाम टाकला. बाईंनी तो इमानदारीत उचलला. बोट दुसऱ्याच गोलरक्षकाचं मोडलं होतं. ह्यानं एकाच सामन्यात दोन पेनल्टी अडवल्या.

मोसम संपला तेव्हा बाई पहिल्या आल्या आणि तो दोन गुणांनी दुसरा. बाईंच्या अकरांतले नऊ त्यानं टाकलेले होते. शेवटचे, म्हणजे सहावे, आले स्टोअरवाले. त्यांनी पहिल्या दिवशी संघ केला आणि फोन खिशात ठेवला. त्यांच्या दोन खेळाडूंनी मध्यंतरी खेळणंच सोडलं होतं, याचा त्यांना पत्ता नव्हता.

बाई खिडकीत गेल्या. कारकून मात्र हरणाऱ्यांतला नव्हता, म्हणजे तो तसं समजत होता. बाईंचं भिंतीजवळचं टेबल आता मोकळं होतं. तिथं पंखा होता, आणि स्वच्छतागृह पंचवीस पावलांवर. तो अर्ज घेऊन साहेबांकडे गेला.

"घ्या की," साहेब म्हणाले. "पण परिपत्रक आहे. आधी तुमचं टेबल सोडल्याचं लिहून द्या."

त्यानं लिहून दिलं. स्वतःच्या हातानं जावक क्रमांक घातला.

त्याच दुपारी तळघरातून, हातावरची धूळ झटकत, स्टोअरवाले वर आले. "साहेब, खाली भिंतीला ओल येते. ते नकाशांचं टेबल मला मिळेल का?"

"सोडताय काय?"

"तळघरातलं टेबल."

"मिळेल. तुम्ही सहावे. तुमचा हक्क आधी."

तिथंच उभा असलेला कारकून घाईनं म्हणाला, "मग मला तळघरातलं द्या."

"जरूर. सोडताय काय?"

"माझं टेबल मी सकाळीच सोडलंय ना, साहेब!"

"ते झालं. आता काय सोडताय?"

"माझ्याकडे आता काही नाहीये."

"मग घेणार कसे?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. फक्त ते वाटणं कुठल्या नियमात बसत नव्हतं. "एक घ्यायचं तर एक सोडायचं. तुमच्याच अक्षरात नोंद आहे."

"निदान माझं जुनं तरी परत द्या! दाराजवळचं!"

"त्यावर अर्ज आलाय," साहेब म्हणाले. "नकाशेवाल्या बाईंचा."

तो धावत खिडकीपाशी गेला. बाई सामान आवरत होत्या.

"बाई, वेड लागलंय का तुम्हाला? खिडकी सोडून तिथं?"

"इथं उन्हानं कागद चमकतो हो, रेघ दिसत नाही," बाई म्हणाल्या. "आणि खरं सांगू? तुम्ही टाकलेलं अजून एकही वाईट निघालं नाही."

पुढच्याच महिन्यात स्वच्छतागृह वरच्या मजल्यावर हलवलं. जुन्या जागेची भिंत पाडली, तर पलीकडे थेट बाग निघाली. सावलीची, ऊन न येणारी. बाईंनी टेबलावर एक कुंडी ठेवली.

खिडकीजवळचं टेबल अजून रिकामं आहे. ज्यांच्याकडे सोडायला काही आहे, त्यांना बाईंचं ऐकल्यापासून ऊन नको. ज्याला चालेल, त्याच्याकडे सोडायला काही नाही.

त्यानं बायकोला हे सगळं सांगितलं. ती कंबरेला हात लावून म्हणाली, "मोकळ्यांच्या यादीत तुमचं नाव किती दिवस राहतं हो?"

सध्या तो वह्या हातात धरून उभ्यानंच नोंदी करतो. भिंतीला टेकून लिहिता येईल अशी जागा साऱ्या इमारतीत एकच निघाली, वरच्या मजल्यावर. तिथं येणारा प्रत्येक जण नव्या दाराशी थबकतो आणि त्याच्याकडे बघतो.

"आत कोणी आहे का हो?"

"आहेत," तो मान वर न करता सांगतो. "नुकतेच गेलेत."