विसूनानांच्या जीपचा निळा धूर

एका जंगलात, मुलांनो, रस्ते यायच्या आधीच गाड्या आल्या होत्या. तिथे विसूनाना नावाचं एक कासव राहत होतं. नानांनी आयुष्याची पहिली शंभर वर्षं पायी काढली. एकशेएकाव्या वर्षी त्यांनी जुनी जीप घेतली आणि झिपरू मिस्त्रीकडून तिचं इंजिन नव्याने बांधून घेतलं. झिपरू म्हणजे अस्वल. हात मुळातच काळे, त्यामुळे गडी कामात मुरलेला आहे असा सगळ्यांचा समज होता.

"नाना, नवं इंजिन आहे. जपून चालवा," झिपरू म्हणाला.

असं सगळेच मिस्त्री म्हणतात. पण हे त्याने एका कासवाला सांगितलं होतं! नाना चढ आला की बायकोला खाली उतरवत. सशाचं पिल्लूसुद्धा जीपमध्ये घेत नसत. इंजिनावर भार नको.

आठ दिवसांत जीप निळा धूर सोडू लागली. ऑइलची पट्टी काढून पाहावी तर कोरडी. मोराने तक्रार केली की पिसारा मळतो. सिंहमहाराजांना ठसका लागला. त्यांनी फर्मान काढलं, "अमावस्येपर्यंत धूर थांबला नाही, तर जीप भंगारात."

घाटापलीकडे नानांची थोरली बहीण राहायची. चाळीस वर्षांपूर्वी ते तिला भेटायला निघाले होते आणि अर्ध्या वाटेवरून थकून परतले होते. आता जीप गेली की बहीणही गेली.

झिपरूने बॉनेट उघडलं. लगेच जाणकार जमले. जंगलात त्यांना बोलवावं लागत नाही, बॉनेट उघडलं की पुरतं.

"व्हॉल्व्हची सीलं गेली," माकड म्हणालं.

"ऑइल भेसळीचं आहे," रानडुक्कर म्हणालं. त्याने चाटून पाहिलं. मग खात्रीसाठी आणखी चाटलं.

"मुहूर्त चुकला," घुबड म्हणालं.

झिपरूने सीलं बदलली, ऑइल बदललं, मुहूर्तही बदलला. पिस्टनच्या रिंगा नव्या घातल्या. "आता मात्र फारच जपून चालवा हं, नाना!"

नानांनी जीप इतकी जपून चालवली की मागून गोगलगायीने हॉर्न दिला. धूर दुप्पट झाला.

तिसऱ्यांदा इंजिन उघडलं. सिलिंडर पुन्हा घासले, रिंगा पुन्हा नव्या. अमावस्येला दोन दिवस उरले होते. नानांनी जीप दारात लावली, तिला हळूच पुसलं आणि जेवायला बसले. बाहेर येऊन बघतात तर जीप गायब!

नाना ताबडतोब पाठलागाला निघाले. ते फाटकापर्यंत पोचेतो चोर पकडलाही गेला होता.

चोर होता चिंधू कोल्हा. दरबारात त्याने सगळं कबूल केलं. "कलिंगडांची बारा पोती भरली, महाराज. चार खेपा केल्या. घाटात पाय दाबला तो उचललाच नाही."

"मारलंस रे माझ्या जीपला!" नाना रडू लागले.

पण जीप बाहेर चालूच उभी होती, आणि सायलेन्सरमधून धुराचा मागमूस नव्हता. मोराने मागे उभं राहून पिसारा फुलवला. मिटला तेव्हाही तो स्वच्छच होता.

सिंहमहाराजांनी झिपरूकडे पाहिलं. झिपरूने मान खाजवली.

"त्याचं असं आहे, महाराज. नव्या रिंगा सिलिंडरला घासून बसाव्या लागतात. इंजिनावर जोर आला तरच बसतात. लाडात ठेवल्या की बसत नाहीत, मग ऑइल वर चढून जळतं."

"हे तुला माहीत होतं?"

"होतं की."

"मग बोलला का नाहीस?"

"सगळे इंजिनात बघत होते, महाराज. मीही बघितलं. चालवतंय कोण, ते बघायचं राहूनच गेलं."

न्याय झाला. कोल्ह्याला वर्षभराची कोठडी मिळाली. धूर थांबवल्याबद्दल झिपरूचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. नाना त्याच दिवशी घाट चढून बहिणीकडे गेले. बहीण म्हणाली, "चाळीस वर्षं? मला वाटलं, तू आणखी उशिरा येशील."

दुसऱ्या दिवशी झिपरूच्या गॅरेजवर पाटी लागली: 'इंजिन बांधून मिळेल. चोरीची सोय आहे.'

आणि चिंधूची शिक्षा आठवड्यातच माफ झाली. सिंहमहाराजांनी स्वतःच्या मोटारीचं इंजिन नुकतंच बांधून घेतलं होतं.

तात्पर्य: मुलांनो, दुसऱ्याची वस्तू कधीही जपून वापरू नये. जपून जपून ती खराब करण्याचा हक्क फक्त मालकाचा असतो.