साळवीकाकांची मनिला

साळवीकाका पिठलं-भात चमचा-काट्याने खायचे. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा. काट्याने भात ढकलायचा, चमच्यात घ्यायचा आणि तोंडात टाकायचा. सोनिवलीला एका लग्नात आम्ही पंगतीला शेजारी बसलो होतो. पत्रावळीवर भात पडला, वर वरण पडलं, आणि माणसं जिथे पेन लावतात त्या खिशातून या गृहस्थांनी रुमालात गुंडाळलेला चमचा-काटा काढला. वाढपी वरणाची बादली घेऊन तसाच उभा राहिला. काट्याने पत्रावळ फाटून वरण सतरंजीवर गेलं ते वेगळंच.

"ती सिस्टिम आहे," काका मला म्हणाले. "फिलिपिनो माणूस असाच जेवतो."

"काका, नवरीकडची माणसं फिलिपिनो नाहीत."

"म्हणूनच त्यांना दाखवायला पाहिजे ना."

अंबरनाथ पश्चिमेला आमची तीन मजली बिल्डिंग होती आणि दुसऱ्या मजल्यावर आमच्या समोरच्या दारात काका एकटे राहायचे. काही वर्षं गल्फमध्ये फिटर होते, तिथून येऊन इथल्याच एका कारखान्यात लागले. आम्ही त्या बिल्डिंगमध्ये नंतर राहायला गेलो, त्यामुळे त्यांचं आधीचं काही आम्हाला ठाऊक नव्हतं. गल्फवरून लोक टेपरेकॉर्डर आणतात, सोनं आणतात, अत्तराच्या बाटल्या आणतात. काकांनी ज्ञान आणलं होतं. तेही एकाच विषयाचं: परदेशी माणूस फिलिपिन्सला गेला, तर त्याच्या ताटात काय पडेल.

अंबरनाथमधून मनिलाला जाणारं कोणी नव्हतं. पण काका काही त्यामुळे अडले नाहीत. मीटर बघायला आलेला माणूस, विम्याचा एजंट, केबलवाला, जो सापडेल त्याला जिन्यात धरून ते सुरू व्हायचे, "समजा, तू उद्या मनिलाला उतरलास." समोरचा म्हणायचा, नाही हो, मला विठ्ठलवाडीला उतरायचंय. काका ऐकून घ्यायचे आणि पुन्हा त्याला मनिलाला उतरवायचे. लोक त्यांना मागे मनिला साळवी म्हणत. काही पुढ्यातही म्हणत, आणि ते खूश होत.

मी नगरपालिकेत पाण्याच्या बिलांवर होतो. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन घरी यायचं आणि जिन्यात हे उभे. माझा स्वभाव मुळात तिरसट. मी चप्पल हातात घेऊन दबक्या पावलांनी जिना चढायला शिकलो होतो.

आणि मग आमच्या विजूला खरोखरच मनिलाला जायची वेळ आली.

विजू माझा धाकटा भाऊ, केमिकल झोनमधल्या एका कंपनीत ऑपरेटर. त्याची कंपनी मनिलाजवळ प्लांट टाकणार होती आणि वर्षभरासाठी इथली दोन माणसं पाठवणार होती. साहेबांनी विजूला बोलावून विचारलं आणि महिनाअखेर काय ते सांग म्हणाले. अख्ख्या बिल्डिंगला आनंद झाला. आईला सोडून.

बाबा गेल्यावर आईने आम्हा दोघांना एकटीने वाढवलं होतं. तिला विमानाची भीती नव्हती, समुद्राची नव्हती. तिचं एकच म्हणणं होतं. "मागून खाणारं पोर नाही ते."

खरं होतं ते. लहानपणी विजू सुट्टीत मावशीकडे राहायला गेला होता. मावशी वाढायची तेवढं जेवायचा आणि अजून हवं का विचारलं तर लाजून नाही म्हणायचा. परत आला तेव्हा त्याची चड्डी कमरेवर राहत नव्हती. उपाशी राहील, पण मागणार नाही. आता मनिलाला जायचंय हेसुद्धा त्याने तोंडाने मागितलं नाही. नुसता खाली मान घालून ताटात बोटं फिरवत बसायचा. मला त्याचा राग यायचा, आणि आईचाही. अशी संधी कोणाच्या घरी दोनदा येते?

ही खबर काकांना लागली आणि ते तडक आमच्याकडे आले. इतकी वर्षं डॉक्टरने दवाखाना उघडून बसावं आणि आज पहिला पेशंट यावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"वहिनी, पोराच्या जेवणाची काळजी ना? दोन रविवार द्या मला."

पहिल्या रविवारी थिअरी झाली. आई मेथी निवडत होती. विजू समोर बसला होता, आणि मी पेपर आडवा धरून सगळं ऐकत होतो.

"पहिली गोष्ट म्हणजे भात," काका म्हणाले. "सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. पोळीचं नाव काढायचं नाही. सकाळचा भात लसणावर परतलेला, वर अंडं."

"म्हणजे रात्रीचा उरलेला," आई म्हणाली. "तो इथंही मिळतो."

"तिखट नाही. आंबट. चिंचेच्या पाण्यात मासे, चिंचेच्या पाण्यात मटण. फॉरेनर माणूस पहिल्या दिवशी दात धरून बसतो."

"पुढं."

काका जरा पुढे सरकले. त्यांनी आवाज खाली आणला. "रक्ताचं कालवण करतात, वहिनी. काळंभोर."

"रक्ती?" आईने मेथीची काडी बाजूला टाकली. "आमची आजी करायची. कांदा बारीक चिरून. त्यात काय एवढं?"

काकांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी मग कोलंबीच्या खाराची भीती घालून बघितली, आई म्हणाली जवळ्यासारखंच असेल. त्यांनी पिल्लू धरलेलं अंडं उकडून खातात म्हणून सांगितलं. त्यावर मात्र आईने "शी" म्हटलं आणि काकांना हुरूप आला. बर्फ, दूध, राजमा, फणस आणि मक्याचे दाणे एकाच ग्लासात घालून खातात, हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं.

"आणि एक सिस्टिम लक्षात ठेव, विजू. ताटलीतला शेवटचा तुकडा कोणी उचलत नाही. सगळे त्याच्याकडे बघत बसतात."

"आमचा विजू जन्मभर बघत बसेल," आई म्हणाली. "भाऊजी, ते खातात काय हे मला नका सांगू. घरात माणूस मेलं तरी माणसं काहीतरी खातातच. त्याला 'जेव रे' म्हणून कोण म्हणणार, ते सांगा."

"अहो, सगळे म्हणतात. आपल्याकडे कोणी जेवत असलं की आल्यागेल्याला 'या जेवायला' म्हणतो की नाही? तसंच. काईन तायो. म्हणजे चला, जेवू या."

"आपण म्हणतो तेव्हा समोरचा 'होऊ द्या तुमचं' म्हणून निघून जातो. आपणही त्याच हिशोबाने म्हणतो. तिथं?"

काका मेथीची एक काडी बोटांत फिरवत राहिले. "तिथंही तसंच," ते म्हणाले. आईने मेथीची जुडी उचलली आणि ती आत गेली.

पुढच्या रविवारी प्रॅक्टिकल होतं. आदल्या दिवशी काकांनी मला सिरका, म्हणजे व्हिनेगर, आणायला उल्हासनगरला ओढून नेलं. चायनीजच्या गाड्यांना माल पुरवणारा एक सिंधी दुकानदार त्यांना ठाऊक होता. काकांनी मोठी बाटली मागितली तेव्हा त्याने विचारलं, "साईं, गाडी लगा रहे हो क्या?" काकांनी त्याला समोर उभं करून मनिलाचं सगळं सांगितलं. बर्फ आणि राजम्याच्या ग्लासाचं ऐकून तो म्हणाला, "ये तो अपना फालूदा हो गया. राजमा काहे को डाला?" काका परतीच्या रिक्षात माझ्याशी बोलले नाहीत.

रविवारी सकाळी त्यांनी कोंबडी सोया सॉस, लसूण आणि तो सिरका घालून पातेल्यात चढवली. आता अंबरनाथकराचं नाक म्हणजे काय चीज आहे ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. नुसत्या वासावर आम्ही कुठल्या कंपनीने काय सोडलं ते सांगतो आणि चहा पीत राहतो. पण उकळत्या सिरक्याचा हा वास बिल्डिंगमध्ये कोणाच्याच ओळखीचा नव्हता. ओळखीचा नाही म्हटल्यावर माणसं घाबरली. तळमजल्यावर एका कंपनीतून रिटायर झालेले केमिस्ट राहायचे. त्यांनी दारात येऊन दोनदा नाक वर केलं आणि विचारलं, "ॲसिड आहे. वारा कुठून येतोय?" झालं. ओले रुमाल नाकाला बांधून, पोरं कडेवर घेऊन अख्खी बिल्डिंग रस्त्यावर उतरली. कोणी गॅस बंद केला, कोणी टीव्ही उचलून आणला. शेवटी आईने गॅलरीतून खाली ओरडून सांगितलं, "कोंबडी आहे हो, कोंबडी." निम्म्या लोकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही आणि ते दुपारपर्यंत समोरच्या मैदानात बसून राहिले.

जेवायला आम्ही तिघं काकांकडे गेलो. त्यांच्या गल्फच्या वेळचे दोस्त पेडणेकर बदलापूरहून आले होते, काकांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. कोंबडी, खरं सांगतो, वाईट नव्हती. विजूने तर दोनदा मान हलवली. आई बारीक घास घेत होती आणि विजूकडे बघत होती. मला वाटलं, जमलं.

काका रंगात आले. "विजू, मनिलाला विमानतळाबाहेर पडलास की उजव्या हाताला बघ."

"तू कधी बघितलंस?" पेडणेकरांनी हाड चोखत विचारलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. "आपण दोघं सौदीत दमामला एकाच कॅम्पात. तिथनं तू सरळ मुंबईला. मनिलाला कधी गेलास?"

पेडणेकरांनी हाड ताटलीत ठेवलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

आईने हात आखडला. "भाऊजी, तुम्ही मनिला बघितलंच नाही?"

"बघितलं नाही, वहिनी. खाल्लंय."

"आणि तेवढ्यावर माझ्या पोराला पाठवत होतात?"

मला मनापासून आनंद झाला होता, हे कबूल करायला हरकत नाही. इतके दिवस जिन्यात खाल्लेल्या डोक्याचा हिशोब चुकता होत होता. काका उठले, त्यांनी पाण्याचा तांब्या आणला आणि उगाच सगळ्यांचे पेले भरले. मग बोलायला लागले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"दमामला आम्ही एका खोलीत पाचजण. चार फिलिपिनो, आणि एक मी. मी त्यांच्यातलं काही घ्यायचो नाही. माझा स्टोव्ह वेगळा, भांडी वेगळी. त्यांच्या पातेल्याला माझा डाव लागलेला मला चालायचा नाही. कित्येक महिने मी त्यांच्याशी धड बोललोही नाही."

वेगळ्या भांड्यांबद्दल आमच्या आईला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. तिने नजर खाली घेतली.

"मग तार आली. शैला गेली. माझी बायको. तापाचं निमित्त झालं. माझा पासपोर्ट कंपनीकडे. साहेब म्हणाला, काम संपल्याशिवाय सोडता येणार नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. स्टोव्ह पेटवला नाही. त्यातला एक रोमी म्हणून होता. त्याने रीतीप्रमाणे विचारलं, जेवलास का. मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलंच नाही. तांदळाची पेज केली. आलं घालून, वर तळलेला लसूण. माझ्या खाटेवर येऊन बसला, मला दंडाला धरून उठवलं आणि एकेक चमचा भरवला. बाकीचे तिघं खाली बसून राहिले. माझी पेज संपेपर्यंत ते जेवले नाहीत."

काकांनी पेला उचलला आणि न पिता ठेवला.

"आपल्यात कडू घास असतो, हे त्याला काय माहीत? ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भात नेऊन देतात, हे त्याला कोणी सांगितलं होतं? मी इथं पोचलो तेव्हा दिवसकार्य उरकून सगळे आपापल्या घरी गेले होते. भांडी घासून झाली होती. माझ्यापुढे ताट ठेवायचं कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझा घास तिकडेच झाला. त्या खोलीत. म्हणून म्हटलं, वहिनी, तुमचा पोरगा उपाशी राहायचा नाही. बाकी मला मनिलाचं काही ठाऊक नाही."

आईने ताटातलं सगळं संपवलं, हात धुतला आणि घरी निघून गेली. त्या दिवशी ती विजूशी बोलली नाही, माझ्याशीही नाही. विजू गॅलरीत उभा राहिला. मी मनातल्या मनात त्याच्या मनिलाला हात जोडले.

सोमवारी सकाळी आईने रोजचं बुद्धविहारात जायचं सोडून चूल पेटवली, म्हणजे गॅसच. पिठलं केलं, भात केला. ताट फडक्याने झाकलं आणि समोरचं दार वाजवलं. मी मागे उभा होतो. काका कामावर निघायच्या तयारीत होते.

"हे काय, वहिनी?"

"शैलाचा घास आहे. बसा."

"अहो, त्याला आता किती वर्षं झाली."

"झाली असतील. इथं तुम्हाला कोणी दिला का? नाही ना? मग बसा."

काका खाली बसले. आई त्यांच्यासमोर बसली. हा घास घेऊन आलेल्या माणसाने समोरचा जेवत असताना बोलायचं नसतं, ती बोलली नाही. पहिल्या घासाला काकांचे खांदे हलायला लागले, आणि ते जिन्यात ऐकू जाईल असे रडले. आईने त्यांना थांबवलं नाही. ताटातला भात सरत आला तशी ती फक्त पुन्हा वाढत राहिली.

रिकामं ताट घेऊन ती घरी आली, ते मोरीत ठेवलं आणि पदराला हात पुसत मला म्हणाली, "विजूची बॅग काढ माळ्यावरनं. धूळ बसली असेल, पुसून दे."