ओझरत्या नजरेचा क्लेम

विम्याच्या दृष्टीने माणसाला दोन डोळे असतात, आणि दोन्ही जोखमीचे असतात.

लाँड्रीच्या कपड्यांची ने-आण करणारा एक व्हॅनवाला ही गोष्ट विसरला. एका दुपारी बाजारातल्या वळणावर त्याची नजर रस्त्यापलीकडे गेली आणि व्हॅन पोस्टाच्या भिंतीला घासली. डावं दार चेपलं, आरसा लोंबकळला, भिंतीला काही झालं नाही. (भिंत सरकारी होती, तिच्यावर कशाचाच परिणाम होत नसे.) घर त्या व्हॅनवर चालत होतं, म्हणून त्याने क्लेम टाकला.

पॉलिसीचं कलम इंग्रजीत होतं आणि त्यात ‘ग्लान्स’ हा शब्द दोनदा आला होता. गाडी कशाला तरी चाटून, म्हणजे ग्लान्स होऊन गेली असेल, तर भरपाई मिळेल. चालकाने इकडेतिकडे नुसता ग्लान्स टाकला असेल, तरीही मिळेल; माणूस म्हटलं की एवढं व्हायचंच. मात्र त्याहून जास्त पाहिलं असेल, तर तो निष्काळजीपणा. एकच शब्द गाडीलाही आणि डोळ्यालाही कसा, असा प्रश्न वरिष्ठांना पडला. वरिष्ठांना प्रश्न पडला की कंपनीत समिती नेमतात. समितीने तो प्रश्न भाषा अधिकारी बाईंकडे सोपवला.

बाईंनी जीव ओतून काम केलं. (पद निर्माण झाल्यापासून त्यांना कोणी शब्दाचा अर्थ विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.) त्यांनी कळवलं की हा शब्द मुळात डोळ्याचा नाहीच, हत्याराचा आहे. तलवार चिलखतावर आदळावी आणि आत न शिरता घसरून जावी, तो ग्लान्स. घसरणं या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दातून तो आला असावा आणि त्याच्याही मुळाशी बर्फ असावा, असं जाणकार मानतात. डोळ्यांच्या वाट्याला तो पुष्कळ नंतर आला. नजरही लागते, पण आत शिरत नाही, म्हणून. मराठीत याला ‘ओझरतं पाहणं’ म्हणावं. ‘कटाक्ष’ म्हणू नये, त्यात हेतू येतो. ‘कानाडोळा’ तर मुळीच नको, त्यात अवयव वाढतात.

समितीने अहवाल एकमताने स्वीकारला. गाडी घसरली होती, हे दिसतच होतं. नजर घसरली की आत शिरली, एवढंच ठरायचं राहिलं.

इथे व्हॅनवाल्याचा अर्ज आडवा आला. ‘कोणाकडे पाहिले’ यापुढे चार पर्याय होते: फलक, जनावर, परकी व्यक्ती, कुटुंबीय. त्याने शेवटच्या दोन्हींवर खूण केली होती. अपघाताची पाहणी करणारा सर्व्हेअर आणि भाषा अधिकारी बाई यांच्यापुढे कंपनीने त्याला बायकोसह बोलावलं. ती औषधाच्या दुकानात काउंटरला होती. अर्धी रजा टाकून आली.

“बाई एक आणि खुणा दोन?” सर्व्हेअरने विचारलं.

व्हॅनवाल्याने घाम पुसला. “साहेब, औषधाच्या दुकानाच्या दारात एक बाई मान मागे टाकून हसत होती. कोण बरं ही, म्हणून बघितलं. गाडी घासल्यावर कळलं, ही तर आमचीच.”

“म्हणजे मला ओळखलंच नाही तुम्ही?” बायको म्हणाली.

“तू हसत होतीस ना.”

हे त्याने स्वतःच्या बचावासाठी सांगितलं होतं. भाषा अधिकारी बाईंनी चष्मा काढून उगाच पुसला. सर्व्हेअरने ‘परकी व्यक्ती (तात्पुरती)’ अशी नोंद घेतली आणि प्रात्यक्षिक सुचवलं.

प्रात्यक्षिक नियमानुसार झालं. वळणावर व्हॅन (इंजिन बंद, चाकाखाली वीट), दुकानाच्या दारात बायको, व्हॅनवाल्याच्या शेजारी घड्याळ घेऊन सर्व्हेअर. तीन सेकंदांपर्यंत ओझरतं, पुढे निष्काळजीपणा.

“हसा, बाई!” सर्व्हेअरने खिडकीतून हाक दिली.

“कशाला?”

“क्लेमसाठी!”

तिने पाहिलं. लोंबकळता आरसा, घड्याळावर डोळे लावलेला सर्व्हेअर, आणि पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा ताठ बसलेला नवरा. तिला हसू फुटलं. आवरायला गेली, तसं ते जास्तच फुटलं, आणि शेवटी तिने दाराची चौकट धरली.

व्हॅनवाला बघत राहिला. हसताना तिच्या एकाच गालाला खळी पडते, हे आपल्याला माहीत होतं की नव्हतं, हे त्याला आठवेना.

“तीन झाले,” सर्व्हेअर हळूच म्हणाला. “वळवा आता नजर. तुमचंच नुकसान होतंय.”

“हो, हो,” व्हॅनवाला म्हणाला, आणि बघतच राहिला.

क्लेम नामंजूर झाला. शेरा असा: ‘नजर घसरल्याचे आढळले नाही.’ दार अजून चेपलेलंच आहे. बायको आता दुकान सुटल्यावर व्हॅननेच घरी येते. तिच्या बाजूचं दार आतून उघडत नाही, म्हणून त्याला उतरून, वळसा घालून ते उघडावं लागतं.

कंपनीने मात्र यातून बोध घेतला. जुने सगळे क्लेम काढून तपासले. फलकांमुळे, जनावरांमुळे आणि परक्या व्यक्तींमुळे झालेले अपघात ढिगाने निघाले. स्वतःच्या जोडीदाराकडे बघताना झालेला अपघात हा एवढा एकच. सबब ही जोखीम जवळजवळ शून्य धरून विवाहितांना हप्त्यात कायमची सवलत देण्यात आली. तिच्यासाठी अर्ज करावा लागत नाही. तुम्ही विवाहित असाल, तर ती तुम्हालाही मिळते आहे. कंपनीने त्यासाठी तुमच्या घरी येऊन चौकशी केली नाही. तशी गरज वाटली नाही.