सोडलेला मासा

मासे कसे धरायचे हे मढच्या चंदरला शिकवील असा माणूस अजून जन्माला यायचा होता. निदान चंदर तसं सांगायचा. म्हणून पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्यावर जावई प्रज्योत म्हणाला, "बाबा, हिमाचलला चला, नदीतला ट्राउट धरू," तेव्हा चंदरने शेजारच्या दत्तारामला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "अख्ख्या गल्लीला ट्राउट खिलवतो. बर्फाची पेटी घेऊनच निघतोय."

"आण तर खरं," दत्ताराम म्हणाला. लहानपणापासून दोघांची हीच खुन्नस.

नदीवर जावयाने हातात काठी दिली. गळाला आमिष नाही, नुसती पिसं बांधून केलेली खोटी माशी!

"हे खाऊन फसेल एवढा येडा मासा आमच्या समुद्रात नाय," असं म्हणत चंदरने दोरी भिरकावली, ती बायकोच्या, मंजुळाच्या, अंबाड्यात. पुढच्या फेकीला जावयाची टोपी नदीला अर्पण झाली. पण दुपार कलेपर्यंत माशी अलगद पाण्यावर उतरायला लागली आणि एका येड्याने ती गिळली. जेमतेम वीतभर, पण अंगभर लाल ठिपके. चंदर असा हरखला की जाळं भरून आल्यावरही कधी हरखला नव्हता.

तेवढ्यात नदीचा राखणदार आला. इथे मासा धरायचा आणि लगेच सोडायचा, असा नियम होता.

"सोडायचा? मग धरायचा कशाला?" मंजुळाने विचारलं. तिने घरून मसाला आणला होता.

चंदरने मासा पाण्यात धरला. मासा क्षणभर त्याच्या ओंजळीत थांबला आणि शेपटी हलवून निघून गेला. काय वाटलं देव जाणे, चंदरने हात जोडले. जावयाने नेमकं तेवढंच मोबाइलवर टिपलं आणि कौतुकाने गावच्या ग्रुपवर टाकलं. राखणदार त्यात कुठेच नव्हता.

रिकामी पेटी घेऊन चंदर गल्लीत शिरला, तोवर गावाने ठरवूनही टाकलं होतं, चंदरने माळ घातली. आता मासळी कायमची बंद.

"अरे, कसली माळ..." चंदरने तोंड उघडलं, तोच दत्ताराम पुढे आला आणि चक्क पाया पडला. "कोळ्याच्या पोटी जन्मून मासा सोडलास. मला नसतं जमलं, रे."

दत्ताराम आणि पाया पडतोय! चंदरने उघडलेलं तोंड हळूच मिटलं.

रात्री दत्तारामच्या नव्या बोटीचं जेवण होतं. चिंबोऱ्यांचा रस्सा असा घमघमत होता की चंदरच्या तोंडाला पाणी सुटलं. दत्तारामने त्याला मानाने वेगळा पाट दिला आणि स्वतःच्या हाताने वाढलं. वरण, भात, बटाट्याची भाजी.

"पोटभर जेव," तो म्हणाला.

चंदर साधूसारखा हसला आणि बटाटा गिळला. खरं सांगावं तर दत्ताराम जन्मभर पिडणार, आणि न सांगावं तर जन्मभर बटाटा.

मंजुळा वाढण्याच्या निमित्ताने आली. इकडे-तिकडे बघून तिने भाताच्या ढिगाखाली चिंबोरीची एक टपोरी नांगी सारली आणि कानाशी पुटपुटली,

"गुपचूप खावा. आता हिला तरी हात जोडू नका."