गंजी तापली

सुनेने शेडमधल्या गवताच्या गंजीत कोपरापर्यंत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. आत गरम लागत होतं.

गवत ओलसर असताना रचलं की आतल्या आत तापतं, वेळप्रसंगी पेटतंही, हे सासऱ्यांनी तिला बजावून सांगितलं होतं. आणि परवा मूठभर काड्या पिळून "वाळलंय, रचा आता!" असं ऐटीत म्हणणारी तीच. आता शेड जळणार, गाई उपाशी राहणार आणि सासूबाई तिला एका शब्दाने बोलणार नाहीत. त्यांचं ते न बोलणंच तिला झेपण्यासारखं नव्हतं.

उरलेलं गवत गोळा करणाऱ्या नवऱ्याला गाठून ती कुजबुजली, "अहो, गंजी तापलीये वाटतं."

"काय? तापलीये?" नवरा कुजबुजण्यात कच्चा होता. शेताच्या पार टोकाला सासऱ्यांच्या हातातला भारा गळून पडला.

"उपसा! सगळी उपसा!" ते धावतच आले.

"बाबा, आभाळ भरून आलंय. बाहेर काढलं आणि पाऊस आला तर?" नवऱ्याने विचारलं.

"तर भिजेल. भिजलेलं वाळवता येतं. राख वाळवून काय करशील?"

दाराच्या बाजूने गवत भराभर बाहेर पडू लागलं. बाळाला मांडीवर घेऊन सावलीत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, जरा ऐका..."

"नंतर!"

"अहो, दाराकडून नका..."

"अगं, नंतर म्हटलं ना!"

बाळानेही भोकाड पसरलं. तेवढ्यात नवऱ्याचं दाताळं आत कशावर तरी खणकन आपटलं. सासऱ्यांनी ओढून काढलं, तर गोणपाटात गुंडाळलेलं पातेलं! झाकण उघडताच वाफ आली.

"रोज जेवण गार, जेवण गार म्हणून डोकं खाता," सासूबाई कडाडल्या. "म्हणून सकाळी पुरून ठेवलं. पण या घरात माझं ऐकायला आधी आग लागावी लागते!"

सासऱ्यांनी चव घेतली. "मीठ जरा..."

"खा गुपचूप. आणि ते मांजर कुठे उलथलंय कोण जाणे, परवापासून त्याचं दूध तसंच पडलंय."

सगळे हसत जेवायला बसले. सुनेचा घास मात्र हातातच राहिला. तिने हात दाराकडून घातलाच नव्हता. मागून, भिंतीकडून घातला होता.

"बाळाला जरा फिरवून आणते," म्हणत ती बाळाला खांद्यावर थोपटत गंजीमागे गेली. हात आत घातला. गरम! आणखी आत सरकवला, तर ते गरम हललं आणि खरखरीत जिभेने तिचं बोट चाटू लागलं.

तिने काड्या बाजूला केल्या. मांजर आडवं पडलं होतं आणि पोटाशी डोळे मिटलेली पिल्लं एकमेकांवर लोळत होती. मांजरीने तिच्याकडे जे पाहिलं, ती नजर तिच्या चांगल्याच ओळखीची होती. पोर महाप्रयासाने झोपवावं आणि नेमकं कुणीतरी दार उघडावं, तेव्हा तिची स्वतःचीही अशीच व्हायची.

"सूनबाई!" पुढून सासऱ्यांचा आवाज आला. "मागूनही बघ गं हात घालून! तापली असेल तर तीही बाजू उपसू!"

तिने हलक्या हाताने काड्या पुन्हा सारख्या केल्या. खांद्यावर बाळाची मान कलंडली होती.

"थंडगार आहे, बाबा," ती म्हणाली. "आणि जरा हळू बोला. आत्ताच झोपलीत सगळी."